अभ्यास लेख : काब्रेराची फेरी – राखलेल्या दर्यात मच्छीमाराची जागा कुठे?



बंदीचा काळ चालू आहे. होड्या वर ओढल्यात, जाळी विणायला काढलीत. हाताला काम असलं तरी डोक्याला थोडी फुरसत आहे. म्हणून आज जरा लांबचा धडा घेऊ.

निमित्त असं घडलं. आपल्या एका तांडेलाचा भाचा क्रूझवर कामाला आहे. स्पेनच्या पाल्मा बंदरात जहाज लागलं, तिथून त्यानं फोटो पाठवला. निळंशार पाणी, खडकाळ बेट, आणि बंदरात रांगेनं बांधलेले पांढरे, पिवळे, नारिंगी, लाल बोये. खाली लिहिलं होतं, “मामा, इथे नांगर टाकायला बंदी आहे, पण मच्छीमार आत जाऊन मासे मारतात.”

तो फोटो बैठकीत फिरला आणि वाद सुरू झाला. एक म्हणाला, “संरक्षित क्षेत्र म्हटलं की आपल्याला हाकललंच समजा.” दुसरा म्हणाला, “मग हे आत कसे?” प्रश्न खरा आहे. म्हणून आम्ही या बेटांबद्दल वाचलं, विचारलं, नकाशे काढले. जे कळलं ते इथे मांडतो आहोत.

१. जागा कुठली?

भूमध्य समुद्रात स्पेनच्या पूर्वेला बालेआरिक बेटं आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं मायोर्का. पाल्मा हे तिथलं मुख्य शहर आणि बंदर. क्रूझवर काम केलेल्या आपल्या बऱ्याच तारवट्यांना ते ठाऊक असेल.

मायोर्काच्या दक्षिण टोकापासून साधारण १० किलोमीटरवर काब्रेरा नावाचा बेटांचा पुंजका आहे. लहानमोठी मिळून १९ बेटं आणि खडक. मुख्य बेट काब्रेरा, साडेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. सगळ्यात उंच डोंगर १७२ मीटर. गाव नाही, हॉटेलांची रांग नाही. ‘काब्रा’ म्हणजे बकरी, काब्रेरा म्हणजे बकऱ्यांचं बेट.

१९९१ साली स्पेननं इथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. जमीन आणि समुद्र दोन्ही मिळून असलेलं त्या देशातलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. सुरुवातीला क्षेत्र होतं १०,०२१ हेक्टर, त्यातला ८,७०३ हेक्टर समुद्र. म्हणजे बघा, उद्यान म्हटलं तरी बहुतेक पाणीच. २०१९ साली हद्द वाढवून ९०,००० हेक्टरांच्या वर नेली. जवळजवळ नऊ पट!

२. फेरीनं जायचं तर

मायोर्काच्या दक्षिण किनाऱ्यावर कोलोनिया दे सांत जॉर्दी नावाचं मच्छीमारांचं जुनं गाव आहे, आता पर्यटनाचंही. काब्रेराच्या बहुतेक फेरीबोटी इथून सुटतात. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. बोट कोणती त्यावर वेळ ठरतो. जलद बोटीला अर्धा तास, मोठ्या संथ बोटीला तासभर. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

गावातच उद्यानाचं माहिती केंद्र आहे, मत्स्यालयासकट. आधी ते बघायचं आणि मग बोटीत चढायचं. म्हणजे आपण कशावरून तरंगत चाललोय ते माणसाला कळतं. ही पद्धत आम्हाला आवडली.

काब्रेराचं बंदर नैसर्गिक आहे. तोंड अरुंद, आत गेलं की जवळजवळ चारी बाजूंनी डोंगर. वादळात आसऱ्याला याहून चांगली जागा नाही. म्हणूनच शेकडो वर्षं इथे मच्छीमार थांबत आले आणि समुद्री चाचेही. चाच्यांवर नजर ठेवायला चौदाव्या शतकाच्या शेवटी बंदराच्या तोंडावर किल्ला बांधला, तो अजून उभा आहे. जेटीवरून चढून गेलं की सगळं बंदर पायाखाली दिसतं.

बेटावर ठरलेल्या पायवाटांनीच फिरायचं. काही वाटांना पहारेकरी सोबत लागतो. कचरा आपला आपण परत न्यायचा. जेटीजवळ एक छोटं उपाहारगृह आहे, आणि जुन्या लष्करी बराकीत थोड्या लोकांना राहायची सोय. बस, एवढंच.

परतताना फेरीबोटी बहुतेक वेळा ‘निळी गुहा’ दाखवतात. दुपारनंतर ऊन तिरपं आत शिरलं की गुहेतलं पाणी आतून दिवा लावल्यासारखं निळं दिसतं. लोक तिथे पोहतात.

३. स्वतःची बोट घेऊन जायचं तर

होडीवाल्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

खासगी बोट घेऊन जायला आधी परवाना काढावा लागतो. बंदरात रात्री राहायचं तर बोया आरक्षित करायचा. एकूण ५० बोये. रंग बोटीच्या लांबीप्रमाणे :

– पांढरा : १२ मीटरपर्यंत
– पिवळा : १२ ते १५ मीटर
– नारिंगी : १५ ते २० मीटर
– लाल : २० ते ३५ मीटर

पन्नास भरले की भरले. एकावन्नाव्या बोटीला रात्रीची जागा नाही, मालक कितीही मोठा असो. उन्हाळ्याच्या गर्दीत एकाच बोटीला किती रात्री राहता येईल, तेही मोजून मिळतं. पाहुण्यांना गळ टाकायला बंदी, भाला घेऊन बुडी मारायला बंदी. हौशी मासेमारी पूर्ण बंद.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. इथे पहिली मर्यादा पर्यटकावर आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. पहिला फलक मच्छीमारासाठी लागतो आणि पर्यटकांच्या बोटी वाढतच जातात.

४. नांगराला एवढी बंदी का?

याचं उत्तर पाण्याखाली आहे. त्याचं नाव पोसिडोनिया.

लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नाही. मुळं, खोड, पानं, फुलं, फळं सगळं असलेलं खरं समुद्रगवत आहे, आणि ते फक्त भूमध्य समुद्रात होतं. पाणी स्वच्छ असेल तर ४० मीटर खोलीपर्यंत त्याची कुरणं पसरतात. मासळीची पिल्लं यात लपतात, माकूल अंडी घालतं. पानं लाटेचा जोर मोडतात. हिवाळ्यात गळालेली पानं किनाऱ्यावर ढीग होऊन पडतात आणि ते ढीग वाळू वाहून जाऊ देत नाहीत.

पण हे गवत आडवं पसरतं वर्षाला फक्त काही सेंटिमीटर. एका मोठ्या यॉटचा नांगर आणि साखळी एका रात्रीत जेवढं उपटते, तेवढं भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. जाळं फाटलं तर आठवड्यात शिवता येतं. हे शिवता येत नाही.

म्हणून बोये. बोया तळाला एकदा पक्का बांधला की त्याला शंभर बोटी येऊन लागल्या तरी तळ खरवडत नाही. २०१८ साली बालेआरिकच्या सरकारनं सगळ्याच बेटांभोवती पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी घातली, उद्यानाच्या आत आणि बाहेरही. ट्रॉलच्या जाळ्यानं या गवताचं काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

५. बेटाचा इतिहास : भुकेचा आणि तोफांचा

जाणाऱ्यानं हे माहीत करून घ्यावं, नाहीतर बेट नुसतं सुंदर वाटेल.

१८०८ साली स्पेनमध्ये बायलेनच्या लढाईत नेपोलियनचं सैन्य हरलं. त्यातले हजारो फ्रेंच कैदी १८०९ पासून काब्रेरावर आणून सोडले. पाच वर्षांत साधारण नऊ हजार माणसं इथे आणली गेली. छप्पर नाही, गोड्या पाण्याचा एक बारीक झरा, आणि अन्न म्हणजे मायोर्काहून येणारी शिध्याची बोट. समुद्र खवळला की बोट येत नसे. मग इथे माणसं उपाशी मरत. १८१४ साली सुटका झाली तेव्हा निम्मेसुद्धा जिवंत नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ बेटावर दगडी स्तंभ आहे. वाऱ्यामुळे बोट अडकली की घरचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे त्याच वाऱ्यानं हजारोंचा जीव घेतला.

पुढे १९१६ साली स्पेनच्या लष्करानं बेट ताब्यात घेतलं. तिथे तोफांचा सराव चाले. १९८० च्या दशकात लोक आणि पर्यावरणवाले विरोधात उभे राहिले. बालेआरिकच्या विधिमंडळानं मागणी उचलून धरली, तेव्हा कुठे १९९१ मध्ये उद्यान झालं. गंमत अशी की लष्कराच्या ताब्यामुळेच इथे हॉटेलं बांधली गेली नाहीत. मायोर्काचा किनारा सिमेंटनं भरला, काब्रेरा कोरडं राहिलं.

तिथला एक सरडा आहे, काळपट रंगाचा, माणसाला न भिणारा. जेवायला बसलं की पायाशी येतो. माणसानं आणलेल्या शिकारी प्राण्यांमुळे हा सरडा मुख्य मायोर्का बेटावरून केव्हाच नाहीसा झाला. उरला तो अशा छोट्या बेटांवर. लहान जागा राखली म्हणून मोठी गोष्ट वाचली.

६. आता मुद्द्याचं : मच्छीमार आत कसे?

मायोर्काच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जुन्या संस्था आहेत, त्यांना ‘कोफ्रादिया’ म्हणतात. आपल्या सहकारी सोसायटीसारखंच समजा, फक्त मुळं कित्येक शतकं मागची. उद्यान झालं तेव्हा आजूबाजूच्या कोफ्रादियांचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या काब्रेराच्या पाण्यात जात होते. त्यांना सरसकट बाहेर काढलं नाही. अटी घातल्या. त्या थोडक्यात अशा :

एक, नोंद असलेल्या, जवळच्या बंदरांतल्या व्यावसायिक बोटींनाच परवानगी.

दोन, साधनं पारंपरिक. किनाऱ्याजवळच्या मासेमारीत तिथे तीन पदरी जाळं चालतं : बाहेरचे दोन पदर मोठ्या आसाचे, मधला बारीक आसाचा. मासा मधल्या पदरात घुसून पिशवी होऊन अडकतो. पारंपरिक लाकडी होडीला तिथे ‘ल्याऊत’ म्हणतात, पुढून-मागून निमुळती, दोन-तीन माणसांची.

तीन, उद्यानाच्या सगळ्या पाण्यात सगळीकडे जायचं नाही. काही भाग पूर्ण राखीव. तिथे कोणीच मासे मारायचे नाहीत, ना पाहुण्यानं, ना मच्छीमारानं.

चार, हंगाम पाळायचा. शेवंडाचं उदाहरण घ्या. बालेआरिकमध्ये शेवंड सप्टेंबर ते मार्च बंद. आणि पाठीचं कवच ९ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. हा आकाराचा नियम सगळ्या युरोपच्या भूमध्य किनाऱ्याला आहे.

पाच, उद्यानाच्या सल्लागार मंडळात मच्छीमारांच्या संस्थांनाही जागा. नियम ठरताना त्यांचा माणूस टेबलावर असतो. आमच्या मते हा पाचवा मुद्दा बाकी चारांपेक्षा मोठा.

७. राखीव ठेवून मच्छीमाराला मिळतं काय?

“मासे वाढले तरी आपल्याला काय, आत जायलाच बंदी,” असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर काब्रेराच्या शेजारचं देता येतं. स्पेनच्याच पूर्व किनाऱ्यासमोर कोलुंब्रेतेस नावाची छोटी बेटं आहेत. १९९० साली तिथे राखीव क्षेत्र केलं. शास्त्रज्ञांनी आतल्या शेवंडांना खुणेचे बिल्ले लावून सोडलं. पुढे ती शेवंडं हद्दीबाहेर लावलेल्या जाळ्यांत सापडू लागली. आत मोठी झालेली शेवंडं चालत बाहेर येतात.

हिशेब केला तर हद्दीबाहेरच्या मच्छीमारांना, बंद झालेल्या जागेचं नुकसान वजा जाऊनही, वजनात वर्षाला साधारण १० टक्के जास्त मिळत होतं. आकडा फार मोठा नाही. पण ध्यानात घ्या, हे नुकसान भरून निघाल्यानंतरचं आहे. आणि यायला वर्षं लागली. पहिल्या दोन-तीन वर्षांत काही हाती लागेल म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरं उदाहरण गोबऱ्याचं. काब्रेराच्या खडपांत मोठे गोबरे दिसतात. हा मासा आधी मादी असतो, वयानं आणि आकारानं वाढला की नर होतो. म्हणजे मोठे मोठे तेवढे मारले तर नरच उरत नाहीत, आणि लहान माद्या कितीही असल्या तरी पुढची पिढी अडते. आपल्याकडचे बरेचसे गोबरेही याच स्वभावाचे. आपले आजे सांगायचे, “म्हातारा गोबरा खडपाचा राजा.” राजा का, ते आता कळलं.

८. सगळं गोड नाही

आम्हाला खोटं चित्र उभं करायचं नाही. ऑगस्टात मायोर्काभोवती यॉटींची एवढी गर्दी होते की पोसिडोनियाच्या कुरणांवर सतत नजर ठेवावी लागते. एवढ्या मोठ्या पाण्यात रात्रीची चोरटी मासेमारी थांबवायची तर गस्तीला माणसं, बोट, डिझेल हवं. नियम कागदावर लिहायला पैसा लागत नाही, पाळून घ्यायला लागतो.

आणखी एक. तिथल्या छोट्या मच्छीमारांची संख्या कमी होत चालली आहे. तरुण पर्यटनाकडे वळतात. उद्यानानं दर्या वाचला, पण दर्यावर जाणारा पोरगा वाचेलच असं नाही. तो वेगळा लढा आहे.

पक्ष्यांचाही प्रश्न आहे. काब्रेरात कडेकपारीत घरटी करणारा एक समुद्रपक्षी जगातून नाहीसा व्हायच्या मार्गावर आहे. लांब दोराच्या गळांना लावलेलं आमिष गिळायला तो झेपावतो आणि अडकून बुडतो. यावर उपाय म्हणजे दोर रात्री सोडायचा, पक्षी झोपलेले असताना. मच्छीमाराचं आमिष वाचतं, पक्ष्याचा जीव वाचतो. दोघांचाही फायदा असलेला नियम टिकतो.

९. आपण काय घ्यायचं?

आपला दर्या वेगळा, पाऊस वेगळा, मासळी वेगळी, माणसं कितीतरी जास्त. काब्रेराचा नियम उचलून इथे लावता येणार नाही. पण प्रश्न तेच आहेत. शेजारी मालवणला १९८७ साली समुद्री अभयारण्य जाहीर झालं. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कारण जाहीर आधी झालं आणि बोलणं नंतर. गोव्यात जून-जुलैची बंदी आहे, किनाऱ्याजवळचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेलं आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच. म्हणजे नियम नाहीत असं नाही. ते कोण पाळून घेतो, हा सवाल.

म्हणून उद्या आपल्या पाण्याबद्दल कोणी “संरक्षित करू या” म्हणत आलं, तर आम्हाला वाटतं की लगेच “नाही” म्हणू नये आणि लगेच “हो” पण म्हणू नये. आधी हे पाच प्रश्न विचारावेत :

१) नियम ठरवणाऱ्या मंडळात आमची किती माणसं? नुसती हजेरीला की मताला?
२) पर्यटकांच्या बोटी किती, हे कोण मोजणार? मर्यादा त्यांनाही आहे का?
३) पारंपरिक होड्यांची यादी कोण करणार, आणि बाहेरची बोट त्यात कशी घुसणार नाही?
४) पूर्ण राखीव भाग कुठला? तो आमच्या जुन्या जाणत्या लोकांना विचारून ठरवला का? मासे कुठे अंडी घालतात ते त्यांना कळतं.
५) गस्त कोण घालणार, आणि पहिली काही वर्षं उत्पन्न घटलं तर घर कसं चालणार?

या पाचांची लेखी उत्तरं मिळाली तर बोलायला बसावं. नाही मिळाली तर घाई नको.

घरचा अभ्यास

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक होडीवाल्यानं एक काम करून यावं. आपल्या भागातली अशी एक जागा कागदावर काढावी, जिथे वडील-आजोबा ठरावीक महिन्यांत जाळं टाकत नसत. का टाकत नसत, तेही घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. घरातल्या बायकांनाही विचारा. बाजारात कुठली मासळी कधी लहान येऊ लागली, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

हे कागद आपण एकत्र ठेवू. उद्या कोणी नकाशा घेऊन आपल्याकडे आलं, तर आपलाही नकाशा तयार असावा. काब्रेराच्या मच्छीमारांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर होता, म्हणून ते आत राहिले. आपल्याकडेही आहे. पण लिहिलेला नाही.

भाच्याला निरोप पाठवलाय : पुढच्या खेपेला पाल्मात सुट्टी मिळाली तर फेरीनं काब्रेराला जाऊन ये, आणि बोयांच्याऐवजी एखाद्या ल्याऊतचा फोटो काढ. जाळं कसं गुंडाळतात तेवढं दिसू दे.

दर्या शांत राहो, सगळे सुखरूप घरी येवोत.